वाटीतली शेकोटी

खवा आटवायला बसलं की कढईच्या कडेला खरवड धरते. उलथन्यानं ती काढावी, दोनदा ढवळावं, की पुन्हा धरलेलीच! किस्स्यांचं तसंच असतं बघा. एक सांगून हात पुसावा, तोवर दुसरा कडेला येऊन चिकटलेला.

परवा हळदीकुंकवाला कुणीतरी केकचा विषय काढला. मी सहज म्हटलं, "केक तर आम्ही निजामाच्या राज्यात भाजलाय. माजलगावात. चुलीवर!" सगळ्या हसायला लागल्या. म्हटलं, हसा. पण हसून झालं की ऐकून घ्या.

*

माजलगावच्या तहसील कचेरीमागं नोकरवर्गाच्या घरांची एक ओळ होती. माळवदाची घरं, भिंतीला भिंत लागलेली. एकीच्या घरी फोडणी पडली की चौघींना ठसका लागायचा.

आमचे हे गिरदावर. म्हणजे गावोगाव घोड्यावर फिरायचं आणि शिवारातली पिकं बघायची. कचेरीचं सगळं कामकाज उर्दूत. दौऱ्यावरून घरी आले की पहिला चहा पोटात जाईपर्यंत यांच्या तोंडून उर्दूच निघायची. एकदा ओसरीवर बसून मला म्हणाले, "पानी हाजिर करो!"

मी आतूनच म्हटलं, "पानी रांजनात हाजिर हाय, सरकार. फकत उठून घ्यावं लागंल!"

माझ्या उजव्या हाताला जुबेदा आपा. तिचे मालक कचेरीत पेशकार, साहेबापुढं कागद ठेवणारे. तिचं माहेर हैद्राबादचं, मराठी बोलताना मध्येच तिकडची गोडी मिसळायची. डाव्या हाताला गंगूमावशी. वय झालेलं, विधवा, सोवळं कडक आणि जीभ त्याहून कडक. तिचा मुलगा कारकून. आणि ओळीच्या शेवटाला चंपा. तिचे मालक व्यंकटराव खजिन्यात कामाला. चंपा आमच्यात सगळ्यात लहान. दिवाळीच्या आधी तिचं तान्हं गेलं होतं. तेव्हापासून ती घास तोंडात घ्यायची आणि गिळायचं विसरायची.

आम्ही सगळ्या तिला जेवायला बोलवायचो. ती यायची, ताटापाशी बसायची, भाताला बोटं लावायची आणि दाराबाहेर बघत राहायची. मावशी विचारायची, "कावून खाईनास गं?" चंपा नुसती मान हलवायची. हो म्हणते की नाही, तेही कळायचं नाही.

*

थंडीत जिल्ह्याचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले आणि सिंदफणेच्या काठी आमराईत त्यांचा कॅम्प पडला. माजलगावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. साहेब हौशी माणूस. त्यांनी हुकूम दिला, घरच्या मंडळींनाही आणा, नदी बघतील. आमच्या आयुष्यात असा हुकूम पहिलाच! आम्ही गाड्या जुंपून निघालो. आपाच्या गाडीला पडदा. पण पडद्यातून तिचा हात सारखा बाहेर यायचा आणि "ते झाड कसलं? तो पक्षी कसला?" असं विचारायचा.

दिवस मावळायला लागला तसं नदीवरून धुकं वर यायला लागलं. तंबू आधी पांढरे होते, मग निळे झाले, मग नुसते आहेत असं वाटायला लागलं. आंब्याखाली शेकोटी पेटली होती. बायकांसाठी कापडाची कनात लावून वेगळी जागा केली होती आणि तिथं कॅम्पचा बावर्ची उस्मान चाचा उकिडवा बसला होता. दाढी मेंदीनं लाल, त्यावर निखाऱ्यांचा उजेड. त्यानं खव्यात थोडा रवा मळला, गोळे लोखंडी सळईला लावले आणि निखाऱ्यांवर हळूहळू फिरवायला लागला. खव्याला वरून तपकिरी कातडी धरायची, एखादा फोड यायचा, आणि आत लोणी! मग तो गोळा दोन नानखटायांच्या मध्ये दाबायचा आणि वरून काकवीची धार.

गंगूमावशी पदर सावरून लांब बसलेली. "बावर्च्याच्या हातचं मी खानार न्हाई."

मी म्हटलं, "बरं."

थोड्या वेळानं मावशी म्हणाली, "खवा कुनाचा हाय?"

"आपल्याच गवळ्याचा."

"आन् काकवी?"

"आपल्याच गुऱ्हाळाची."

"नानखटाई?"

जुबेदा आपा हळूच म्हणाली, "ती माझ्या घरची, मावशी."

मावशीनं नानखटाईकडं बघितलं. शेकोटीत एक लाकूड तडकलं. मग म्हणाली, "वरचं-खालचं नगं. मधलं तेवढं द्या. अग्नीला इटाळ नसतो!"

आणि मधलं, मधलं करत मावशीनं सळई रिकामी केली!

चंपा शाल गुंडाळून बाजूला बसली होती. उस्मान चाचाला तिचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं जशी सगळ्यांना खवा भरलेली नानखटाई दिली तशी तिच्याही हातावर एक दिली. "लेव बेटी, गरम है." ती बघत बसली. काकवी मनगटावर ओघळली. ती तिनं चाटली. मग एक घास खाल्ला. मग दुसरा. आम्ही सगळ्या दुसरीकडंच बघतोय असं दाखवत तिच्याकडं बघत होतो.

खाऊन झालं आणि चंपा म्हणाली, "अजून हाय का?"

कनातीच्या पलीकडं व्यंकटराव उभे होते, फटीतून मला दिसत होते. त्यांनी ते ऐकलं आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. आमचे हे म्हणाले, "काय झालं हो?"

"धूर लागला."

धूर तर नदीकडं चालला होता!

*

घरी आलो आणि चंपाचं पुन्हा पहिल्यासारखं. तेच ताट, तेच दाराबाहेर बघणं.

एक दिवस व्यंकटराव आमच्या ओसरीपाशी येऊन उभे राहिले. हा माणूस एरवी "गिरदावरसाहेब हायत का?" यापलीकडं माझ्याशी बोललेला नाही. त्या दिवशी जमिनीकडं बघत म्हणाले, "वहिनी, ते कॅम्पातलं... घरी होतंय का?"

आता याला नाही कोण म्हणणार?

खवा आणला, सळईला लावला, चुलीत धरला. पण आमराईतले निखारे वेगळे आणि आमच्या गोवऱ्यांचा जाळ वेगळा. मावशीनं वास घेतला आणि म्हणाली, "ह्यो खवा न्हाई, धूप झाला! आरतीला घ्या!"

तेव्हा जुबेदा आपाला तिच्या माहेरची एक बेकरी आठवली. काचेच्या कपाटात छोटे छोटे केक मांडलेले, एकेकाचा एकेक. "कप-केक म्हणतात. तेच करू. खाली नानखटाईचा चुरा, मधी काकवीचं पीठ, वर भाजलेला खवा. म्हणजे अख्खी शेकोटीच कपात आली!"

"कप म्हंजी? च्याचा कप?" मी विचारलं.

आपानं क्षणभर विचार केला. "नाव तर तेच आहे."

तिच्या माहेरचे चिनी मातीचे कप आले. पातळ, निळ्या फुलांचे. त्यांत पीठ भरलं, निखाऱ्यांत ठेवले आणि आम्ही वाट बघत बसलो. पहिला कप तडकला तेव्हा आम्ही दचकलो. दुसरा तडकला तेव्हा मावशी "राम राम" म्हणाली. मग तर माळच लागली!

संध्याकाळी पेशकारसाहेब घरी आले. आपानं चहा तांब्यात नेऊन दिला. त्यांनी तांब्या बघितला, बायकोकडं बघितलं.

"कप कुठं गेले?"

आपा म्हणाली, "केकमधे!"

*

पिठात काय घालायचं यावर एक अख्खी दुपार गेली. घर माझंच ठरलं होतं, कारण आपाच्या घरी मावशी यायची नाही आणि मावशीच्या चुलीपाशी आपाला जाता यायचं नाही. माझं घर दोघींच्या मधलं.

"हैद्राबादेत यात अंडं घालतात," आपा म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

मावशी उठून उभी.

"बसा मावशी, बसा. आपण दही घालू."

मावशी बसली. पण पुरती नाही. "दही म्हशीचंच ना?"

दही ठरलं. पण फुगायला सोडा पाहिजे. वाण्याकडं निरोप धाडला, "फुगायला घालतात ते द्या." वाणी बिचारा काय समजला कोण जाणे, त्यानं पापडखार बांधून दिला! आम्ही तो विश्वासानं घातला. केक लालभडक झाला, फुगलासुद्धा. दिसायला इतका सुंदर, की आम्ही तिघी त्याच्याभोवती हात जोडल्यासारख्या बसलो.

आमचे हे दौऱ्यावरून आले होते. पहिला मान त्यांना. यांनी घास घेतला, चावला, बराच वेळ चावला. यांचा स्वभाव भिडस्त, बायकोच्या हातच्या पदार्थाला कधी नावं ठेवायचे नाहीत.

"चांगला झालाय," म्हणाले. "आता लाटून उन्हात टाका. वर्षभर टिकतील!"

*

कप गेले, तेव्हा वाट्या घ्यायच्या ठरलं. आणि जाळ थेट लागू नये म्हणून तपेल्यात वाळू. मावशी म्हणाली, "फुटाने भाजत्यात तसं." सिंदफणा गावाजवळूनही जाते, तिथं वाळू आणायला आम्ही गेलो. चंपालाही ओढून नेलं.

ती दुपार मला अजून दिसते. नदीचं पाणी हिवाळ्यात आटून पातळ झालेलं, रेशमाच्या पट्ट्यासारखं एका बाजूनं चाललेलं. पैलतीरावर कुणाची तरी गाय उभी होती आणि पाण्यातली गाय तिच्यापेक्षा खरी दिसत होती. आपानं बुरखा बाजूला ठेवला होता आणि पाय पाण्यात सोडले होते. चंपा वाळू ओंजळीत घ्यायची आणि बोटांतून सोडायची, घ्यायची आणि सोडायची. पांढरी, बारीक, उन्हानं कोमट झालेली वाळू. आम्हाला टोपली भरून निघायचं होतं, पण तिचं झाल्याशिवाय कोणी उठलं नाही. टोपली भरायचंही मग कोणाला आठवेना. घराजवळ आल्यावर मावशीनं टोपलीत डोकावून बघितलं.

"अगं बायांनो, वाळू?"

पुन्हा मागं फिरलो!

*

वाळूतला केक मात्र झाला. खाली विस्तव, झाकणावर विस्तव, मध्ये वाळूत रोवलेल्या पितळी वाट्या. झाकण काढलं तर वाट्यांवर फुगून आलेले गोल, कडेनं काकवी उकळून काळी-तांबूस झालेली. पण जाळ अंमळ जास्त झाला आणि वाट्यांची कल्हई वितळून गेली. ती पहिली खेप टाकून द्यावी लागली.

कल्हईवाला आला. त्यानं वाट्या हातात घेतल्या, उलट्या केल्या, सुलट्या केल्या, उन्हाकडं धरून बघितल्या. आयुष्य कल्हईत गेलेला माणूस, पण अशी भांडी त्यानं पाहिली नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "ह्यात काय शिजवलंत? सूर्य?"

*

जाळ बेताचा करून केलेली दुसरी खेप चंपाकडं नेली. ती उंबऱ्यावर बसली होती. तिनं वाटी हातात घेतली, कड मोडली, खाल्ली. व्यंकटराव आत दाराआड.

"ग्वाड हाय," चंपा म्हणाली. मग वाटी खाली ठेवली. "पन शेकोटी न्हाई."

आम्ही परत आलो. मी तर हातपाय गाळूनच बसले. पण जुबेदा आपा म्हणाली, "अगं, ती बोलली! चूक काढली तिनं! चूक काढणारं माणूस खाणार बघ."

शेकोटी म्हणजे धूर. धूर वाटीत कसा आणायचा? आपा म्हणाली, "आमच्याकडं कबाबाला धुनी देतात..."

मावशीनं कानांवर हात ठेवले. "कशाला देत्यात ते सांगू नगंस! कशी देत्यात तेवढंच सांग!"

आपानं सांगितलं. लाल निखारा छोट्या वाटीत ठेवायचा, त्यावर तुपाचा थेंब सोडायचा आणि पटकन झाकण. धूर आत कोंडतो आणि पदार्थात उतरतो. शिवाय आम्ही ठरवलं, की वरच्या खव्याला उलथनं लाल करून डाग द्यायचा, म्हणजे सळईवर भाजल्यासारखी तपकिरी कातडी येईल.

त्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरात काय धूर झाला! तूप जरा सढळ पडलं. धूर झाकणातून निघाला, माळवदाच्या झरोक्यातून वर गेला आणि कचेरीवरून डौलात चालायला लागला. कचेरीचा चपराशी मारुती यानं तो बघितला आणि "आग! आग!" करत घागर घेऊन आमच्या माळवदावर चढला. आम्हाला काही कळायच्या आत झरोक्यातून पाणी! विस्तव फुस्सकन विझला, मावशी भिजली, आपा भिजली, मी भिजले. तपेल्यावर झाकण होतं म्हणून वाट्या तेवढ्या कोरड्या!

मारुती धावत खाली आला. आमची अवस्था बघून बिचारा रडकुंडीला. मावशीनं त्याला एक वाटी दिली. बाहेर तहसीलदारसाहेब स्वतः येऊन उभे, मागं सगळी कचेरी.

"मारुती! किधर है आग?"

मारुती तोंड भरून बाहेर गेला. गिळलं. सलाम केला.

"आग लई ग्वाड हाय, सरकार!"

माणसं हसली, ते सोडा. ओळीच्या शेवटच्या दारात चंपा उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं, रडते. मी धावले. तर ती हसत होती! हसता हसता भिंतीला टेकली, खाली बसली, आणि मी तिच्या हातात वाटी दिली. ती तिनं बोटानं पुसून खाल्ली.

*

मग चंपा स्वतःच करायला लागली. वाळू चाळायची, विस्तव बघायची, वाटीला कान लावल्यासारखी वाकून बसायची. आमच्या कुणाहीपेक्षा तिचे केक हलके व्हायचे. जेवायलाही लागली, नीट. पण त्या तान्ह्याबद्दल ती एक शब्द बोलायची नाही आणि आम्हीही विचारायचो नाही. बारशाआधीच गेलेलं लेकरू. दोघांनी ठरवलेलं नाव त्याच्या कानात सांगायचंही राहून गेलेलं.

माघात शिरूरकडची माणसं गंगथडीला, गोदावरीकाठी, सुगी करायला निघाली. बिऱ्हाडासकट गाड्याच्या गाड्या. सकाळी धुकं इतकं, की बैलांच्या घंटा ऐकू यायच्या आणि बैल नंतर दिसायचे. त्यातली एक गाडी कचेरीमागं थांबली. एक बाई उतरली, हातात खापर. चंपाच्या दारात गेली.

"इस्तू देता का, बाई? लेकराला शेकायचंय."

चंपानं विस्तव दिला. बाईच्या पाठीशी झोळीत तान्हं मूल होतं. चंपा त्याच्याकडं बघत राहिली. आम्ही तिघी माझ्या ओसरीवर होतो. मावशीनं माझा हात धरला.

"आज ह्याचं बारसं," ती बाई हसून म्हणाली. "गाडीतच. काय करायचं, सुगी थांबत न्हाई. नाव ठिवायला आत्या बी न्हाई संगं."

चंपा आत गेली. आम्हाला वाटलं, आता दार लागणार. पण ती परत आली, परातीत सगळ्या वाट्या घेऊन, सकाळीच काढलेल्या, अजून वाफा निघत होत्या. गाडीतल्या माणसांना तिनं एकेक दिली. पोरं कडेची काकवी बोटानं खरवडून खायला लागली. धुक्यात तो धुराचा, भाजल्या खव्याचा वास सगळ्या ओळीत पसरला.

बाईनं खाल्लं. मग झोळी पुढं केली. "मग तुमीच व्हा आत्या. तुमच्या दारातला इस्तू घेतलाय. नाव तुमीच सांगा."

व्यंकटराव तेवढ्यात कचेरीला जायला बाहेर पडत होते. डोक्याला पगडी, एक पाय जोड्यात. ते थांबले.

चंपा वाकली. लेकराच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि काहीतरी म्हणाली. आम्हाला ऐकू आलं नाही. लेकरानं अंग ताणलं आणि पुन्हा झोपलं.

बाई गाडीकडं वळून मोठ्यानं ओरडली, "ऐकलं का हो? सोपान! सोपान म्हनं!"

गाडी हलली. घंटा धुक्यात गेल्या. चंपा रिकाम्या वाट्या गोळा करायला लागली. व्यंकटराव पायात एकच जोडा घालून उंबऱ्यावर बसले. कचेरीची वेळ झाली होती. मारुती बोलवायला आला, त्यांच्याकडं बघितलं, आणि न बोलवता परत गेला.